हुतूतूचे भित्रे चिटणीस

“सगळ्यांना घरी जायचंय, बरं का!”

सामन्याआधी दोन्ही संघ मधल्या रेघेवर समोरासमोर उभे राहिले, की आमचे चिटणीस एवढंच बोलायचे. पण ते अशा आवाजात, की ऐकणाऱ्याला वाटावं, आज कुणीतरी घरी जाणार नाही आणि यांना ते आधीच कळलंय. मग ते एकेकाची नखं बघायचे, पोटऱ्यांना तेल लावलंय का ते बोट फिरवून बघायचे, दंडातले ताईत आणि हातातली कडी काढून घ्यायचे. शेवटी शिट्टी तोंडात धरून दोन पावलं मागं सरायचे आणि डोळे मिटून वाजवायचे. डोळे मिटून सामना सुरू करणारा पंच तुम्ही कुठं पाहिला नसेल. आम्ही प्रत्येक सामन्याला पाहत होतो.

तेव्हा भोरला संस्थान होतं. वेल्ह्याच्या खोऱ्यापासून भाटघरच्या धरणापर्यंत गावोगाव हुतूतूचे संघ होते. खेळणारे सगळे बाप्ये, बायकापोरं असलेले, दिवसभर नांगरामागं चालणारे. भात निघालं आणि खाचरं रिकामी झाली, की सामने सुरू व्हायचे. पूर्वी सामना म्हणजे आधी हुतूतू आणि मग मारामारी. कधीकधी हुतूतू संपायचीही कुणी वाट बघत नसे. शेवटी चार शहाणी माणसं भोरात बसली आणि सगळ्या संघांचं मिळून एक मंडळ काढलं. नियम मंडळाचे, पंच मंडळाचा, आणि जो संघ ऐकणार नाही त्याच्याशी कुणी खेळायचं नाही.

चिटणीस कुणाला करायचं, आणि पंचही तोच होणार, यावर पहिलीच बैठक मोडायची वेळ आली. विंझरचा केला तर नसरापूरला चालेना, नसरापूरचा केला तर भाटघरकर उठून चालले. तेव्हा कुणीतरी संस्थानच्या कचेरीतल्या या कारकुनाचं नाव काढलं. जन्मात हुतूतू खेळलेला नाही, आसपासच्या कुठल्या गावाचा जावई नाही, आणि भांडण दिसलं की गल्ली बदलतो. कुणाचाच नव्हता म्हणून सगळ्यांना चालला.

अंगानं म्हणाल तर काडी. काळी टोपी, गळाबंद कोट, धोतर पोटरीच्या वर धरलेलं. खाचरातून चालताना ते ढेकळांना पाय लावायच्या आधी विचारून घेतल्यासारखं करायचे. त्यांना कशाची भीती वाटत नव्हती ते सांगणं सोपं, कारण तसं काही नव्हतंच. बैलाची वाटे, विहिरीच्या काठाची वाटे, होडीची वाटे. भाटघरला सामना असला, की धरणाच्या भिंतीकडं पाठ करून बसायचे.

“आवो चिटनीस, सरकारनं बांदलंया, त्ये कशाला फुटतंय?” भाटघरचा एक जण म्हणाला.

“सरकार मुंबईला बसतं. खाली आपण बसलोय,” चिटणीस म्हणाले.

मी विंझरच्या संघाचा म्होरक्या होतो. चिटणीस आम्हा म्होरक्यांना नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. “काय विंझरकर, नखं काढली का?” कारकुनाची जात असून वयानं लहान माणसालाही अहोजाहो. आमच्या गावात आम्ही त्यांची नक्कल करायचो. मी डोळे मिटून शिट्टी वाजवल्यासारखं केलं, की चावडीवरची माणसं लोळायची.

मंडळाचा एक नियम होता, की खेळणारा हौशी पाहिजे. खेळाबद्दल कुणी काही घ्यायचं नाही. एकदा वेल्ह्याच्या बाजूच्या एका गावानं जिंकून देणाऱ्या गड्याला बोकड दिला. झालं! दुसऱ्या गावानं तक्रार केली, की हा आता हौशी राहिला नाही. बैठकीत दोन तास काथ्याकूट झाला आणि ठरलं, की बोकड गड्यानं घरी बांधला असेल तर ती कमाई, पण सगळ्या गावानं मिळून खाल्ला असेल तर तो प्रसाद. आता हे बघायला जाणार कोण? चिटणीस! ब्राह्मणाचा माणूस, जन्मात अंडं पाहिलेलं नाही. पातेल्यापासून लांब, नाकाला उपरणं लावून उभा राहिला आणि विचारतो, “सगळा संपला का हो? पाय वगैरे उरले नाहीत ना?” आचारी म्हणाला, “मुंडी हाय शिल्लक, दावू का?” चिटणीस भोरच्या रस्त्याला लागले ते मागं वळून बघायला तयार नाहीत.

हसण्याजोगा माणूस खरा. पण त्यांची एक भीती हसण्याजोगी नव्हती. ती मला फार उशिरा कळली, आणि ज्या रीतीनं कळली ती वैऱ्यालाही कळू नये.

त्यांना दमा होता. थंडीत तो उचल खायचा आणि आमचे सामने तर थंडीतच. सामना संपला की बांधाच्या आडोशाला ते शेणीच्या निखाऱ्यावर धोतऱ्याची वाळकी पानं टाकून धूर ओढत बसायचे. खांदे वर-खाली व्हायचे, गळ्याच्या शिरा ताठ, आणि डोळे असे की आपण जवळ जाऊ नये. आम्हाला वाटायचं, हा गांजा ओढतो की काय.

हुतूतूचा खेळ सगळा दमाचा. एका श्वासात ‘हुतूतूतू’ म्हणत पलीकडं जायचं, कुणाला शिवायचं आणि दम तुटायच्या आत रेघेला परत यायचं. पलीकडच्यांनी धरलं, तरी दम चालू आहे तोवर तुम्ही मेलेले नाही. सरपटत या, बोटानं रेघ शिवा, धरणारे सगळे बाद. म्हणून धरणारे सात जण अंगावर पडतात, आणि खालचा गडी मातीत तोंड खुपसून ‘हुतूतू’ म्हणतच राहतो. अशा वेळी आमचे चिटणीस त्या ढिगाशेजारी आडवे व्हायचे. टोपी एकीकडं, कोटाला माती, आणि कान ढिगाला लावलेला. खालच्याचा दम ऐकायचे. लोक शिट्ट्या मारायचे, “चिटनीस, झोप लागली काय वो?” दम सुटला की ते तिथूनच शिट्टी फुंकायचे आणि सात जणांनी तेव्हाच्या तेव्हा उठायचं. उठायला जरा उशीर झाला, तर हा भित्रा माणूस त्यांच्या अंगावर ओरडायचा.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही. आपला गडी पलीकडं अडकला, की रेघेबाहेर उभं असलेलं सगळं गाव त्याच्या बरोबरीनं दम लावायचं. म्हातारी, बाया, सगळी. ‘हुतूतूतू’चा असा घुमारा उठायचा की डोंगरात घुमावा. गड्याला त्यानं बळ येतं, असं आम्ही धरून चाललो होतो.

ही रीत बंद करावी म्हणून चिटणिसांनी बैठकीत तीनदा ठराव मांडला. तीनदा पडला.

“मला खालचं ऐकू येत नाही हो,” ते हात जोडून म्हणाले.

“ऐकू येत न्हाई तर पंच कशाला झालासा?” आमचे आबा म्हणाले. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. विंझरच्या संघाचा सगळा कारभार त्यांच्या हातात होता.

“अहो, एखादा खाली गुदमरला तर?”

“हुतूतूत कोन मरतंय? आमच्या सात पिढ्या खेळल्या.”

सगळे हसले. चिटणीस खाली बसले. 

त्या वर्षी ढालीसाठीचा शेवटचा सामना नसरापूरला जत्रेत झाला. विंझर आणि भाटघर. माणूस नुसतं मुंग्यांसारखं. डाव बरोबरीत आलेला आणि अखेरची चढाई माझी. मी शिरलो, एकाला शिवलो आणि वळलो तोच कुणीतरी घोटा धरला. मी तोंडावर पडलो. मग एकेक करून ते अंगावर यायला लागले.

खरं सांगतो, पहिल्यांदा मला काहीच वाटलं नाही. असा मी पन्नास वेळा ढिगाखाली गेलो होतो. रेघ समोर हातभर होती. मी ‘हुतूतू’ म्हणत बोटं पुढं सरकवत होतो. तेवढ्यात कुणाचा तरी गुडघा बरगडीवर आला आणि मान मातीत दाबली गेली. कापलेल्या भाताचा धस गालात घुसला. तोंडात माती आली. ती थुंकायची तर दम सोडावा लागतो, म्हणून मी ती गिळली. ती गळ्यातच बसली.

तेव्हा भीती आली. माणसाची भीती मला ठाऊक होती, जनावराची ठाऊक होती. ही तसली नव्हती. हिच्यात पळायला जागा नव्हती. मला ओरडायचं होतं, की सोडा, मी हरलो, पण ओरडायला श्वास लागतो. माझा एक हात मोकळा होता. तो मी जमिनीवर आपटला. लोकांना वाटलं, गडी रेघेकडं सरकतोय! आणि सगळ्या विंझरनं जोर केला. ‘हुतूतूतूतू...’ तो आवाज माझ्या डोक्यात भरला. आणि तुम्हाला खरं वाटणार नाही, मला वाटलं तो माझाच आहे. मी अजून दम लावतोय, म्हणजे मी जिवंत आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. मग अंधार झाला.

पुढचं मी इतरांकडून ऐकलं.

चिटणीस नेहमीसारखे ढिगाला कान लावून पडले होते. ते एकदम उठून गुडघ्यावर बसले. तोंड पांढरं फटक. शिट्टी तोंडात धरली, गाल फुगवले, आणि शिट्टी वाजलीच नाही. त्यांचा स्वतःचा श्वास कोंडला होता. भीतीनं म्हणा, धुळीनं म्हणा, दमा नेमका तेव्हाच उलटला. पुन्हा फुंकली, नुसती फुस्स झाली. ओरडायला गेले, आवाज नाही. भोवती दोन गावं बेभान, आणि त्यांच्यात खाली काय झालंय ते कळलेला माणूस एकटा, तोही मुका.

मग त्या काडीसारख्या माणसानं वरच्या गड्याचे पाय धरले आणि ओढायला सुरुवात केली.

भाटघरच्या गड्यांना वाटलं, पंच विंझरला सामील झाला. विंझरकरांना वाटलं, आपला गडी रेघेला पोचतोय आणि हा डाव मोडतोय. एकानं त्यांना लाथ मारली. ते पडले, उठले, पुन्हा दुसऱ्याचे पाय धरले. धोतर सुटलं. आबा, माझ्या बापाच्या जागी असलेले, काठी घेऊन धावत आले आणि त्यांनी ती चिटणिसांच्या पाठीत घातली.

“सोड! माज्या पोराचा दम चालू हाय, सोड म्हन्तो न्हवं!”

दुसरी काठी कानाजवळ बसली. चिटणिसांनी पाय सोडले नाहीत. काठी बघून घाबरून पळणारा माणूस तो. त्या दिवशी त्यांना काठी दिसलीच नाही, की दिसूनही त्याहून मोठी भीती समोर होती, कोण जाणे. त्यांच्या अंगाखांद्यावरचं रक्त बघून भाटघरचाच एक जण भानावर आला आणि उठला. मग बाकीचे उठले. मी निळा पडलो होतो. चिटणिसांनी मला उताणं केलं, माझे दात उचकटले आणि भोरच्या त्या सोवळ्या माणसानं बोटं घालून माझ्या घशातली माती काढली.

शुद्धीवर आलो तेव्हा पहिल्यांदा तेच दिसले. एका बैलगाडीच्या चाकाला टेकून बसले होते, तोंड उघडं, खांदे वर-खाली होत होते. कानावरून रक्ताचा ओघळ. आम्ही दोघंही एकमेकांकडं बघत श्वास घेत होतो. 

तुम्ही म्हणाल, मग गावानं त्यांचे पाय धरले असतील. छे! विंझरमध्ये आठवडाभर एकच बोलणं होतं, की भोरच्या भित्र्यानं हातातली ढाल घालवली. आबा चावडीवर छातीला हात लावून सांगायचे, “दम चालूच हुता. म्या ह्या कानांनी ऐकला.” खोटं बोलत नव्हते. त्यांनी ऐकलाच होता. त्यांचाच होता तो, आणि शेजारच्याचा, आणि त्याच्या शेजारच्याचा.

मंडळाची बैठक भोरला देवळाच्या ओवरीत भरली. पंचानं चालू डावात खेळाडूला हात लावायचा नाही, लावला तर त्यानं पुन्हा पंच व्हायचं नाही, असा नियम होता. चिटणिसांनीच तो कधीतरी आग्रहानं करून घेतलेला, कारण पूर्वी पंचच मारामारीत उतरायचे. आबांनी त्याच नियमावर बोट ठेवलं.

मी उभा राहिलो.  हुतूतूत एक गोष्ट कुणी कधी बोलत नाही. माझा दम सुटला, असं चढाई करणारा स्वतःच्या तोंडानं सांगत नाही. पंचानं सांगितलं तरी तो नाही म्हणतो. त्यात त्याची इज्जत असते, गावाची असते.

“माजा दम सुटला हुता,” मी म्हणालो. “लई आदीच सुटला हुता. त्यांनी वडलं नसतं तर म्या हितं नसतो.”

 आबांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी त्यांचा नव्हेच.

चिटणीस मात्र कसनुसं हसले. “विंझरकर, बसा. नियम दमाबद्दल नाही, हात लावण्याबद्दल आहे. मी हात लावला.” त्यांनी शिट्टी गळ्यातून काढली आणि समोरच्या सतरंजीवर ठेवली. चिटणीसपदही सोडलं. जाता जाता दाराशी थांबून म्हणाले, “एकच मागतो. बाहेरून दम लावणं तेवढं बंद करा.” या खेपेला ठराव पास झाला. आबांनीसुद्धा हात वर केला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मी पुन्हा खेळलो नाही. खेळूच शकलो नाही. रात्री घोंगडं तोंडावर आलं तरी मी किंचाळून उठायचो. बायकोला सांगायची लाज वाटे. विंझरात मला ‘दम सुटलेला’ असं नाव पडलं. माझी नक्कल करायला आता पोरं होती.

मग वर्षातून दोनदा भोरला जाताना मी चिटणिसांकडं वाकडी वाट करायला लागलो. आंबेमोहोराची पिशवी घेऊन जायचो. ते ओसरीवर बसवायचे, त्यांच्या मंडळी, मी त्यांना काकू म्हणायचो, चहा द्यायच्या. एकदा मी धीर करून सांगितलं, की मला अजून भीती वाटते.

“कशाची?”

“काय बी न्हाई हो. नुसतीच येती. छातीवर कुनीतरी बसल्यावानी.”

त्यांनी चहाची कपबशी खाली ठेवली. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, “माझ्या छातीवर तो सहाव्या वर्षापासून बसलाय. तुम्ही त्या दिवशी खाली गेलात ना, तेव्हा मला तुमच्या जिवाची भीती नव्हती वाटत, विंझरकर. माझ्याच जिवाची वाटत होती. मीच खाली आहे, असं वाटलं.” आणि स्वतःच घाबरल्यासारखे हसले. “वाटू द्या भीती. भ्यायलेला माणूसही जेवतो, झोपतो, कचेरीत जातो. मी गेलोच की.”

आजवर मला कुणी दिलेला धीर म्हणजे एवढाच. पण तो पुरला.

शेवटचा गेलो तेव्हा थंडीचे दिवस होते, दुपारची वेळ. तांदळाची पिशवी दारातच खाली ठेवली, कारण आतून तो आवाज ऐकू येत होता. चिटणीस गादीवर पुढं वाकून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले. खोलीत धोतऱ्याचा धूर कोंदला होता. काकू पंख्यानं वारा घालत होत्या, त्यांचा हात थांबत नव्हता. वैद्य येऊन गेले होते.

मला बघून चिटणिसांनी बोट वर केलं. बोलता आलं नाही. ते डोळे मी ओळखले. असे डोळे माझेही झाले होते, नसरापूरला, मातीत, तेव्हा कुणाला दिसले नव्हते. मी त्यांच्या मागं बसलो आणि त्यांची पाठ माझ्या छातीशी घेतली. त्यांनी माझं मनगट असं धरलं, की नखं रुतली.

मला सणसणून भीती वाटली. पळून जावंसं वाटलं, हे कशाला लपवू? पण त्याहून जास्त एक वाटलं. यांच्या छातीवर जो कुणी बसलाय त्याचे पाय दिसावेत. दोन्ही हातांनी धरून ओढले असते मी, काठ्या बसल्या असत्या तरी सोडले नसते. मी वेड्यासारखं खोलीत बघितलं. काकू होत्या, पंखा होता, कोपऱ्यात पाण्याचा तांब्या होता.

ऊन कलत गेलं. मनगटावरची पकड हळूहळू सैल झाली. काकूंनी पंखा खाली ठेवला.

“सोडा आता त्यांना,” त्या म्हणाल्या.

मी व्हय म्हणालो, आणि तसाच धरून बसलो.